विहिरीचे पावित्र्य

एखाद्या विहिरीच्या किंवा कुंडाच्या पाण्यास लोक पवित्र मानतात, व का मानता असे विचारले असता एक आख्यायिका सांगतात. प्रभू रामचंद्रांस तहान लागली म्हणून लक्ष्मणाने बाण मारला व पाणी उसळले; पांडव अज्ञातवासात येथे उतरले असता भीमाने लाथ मारून खडक फोडला; कोणा साधूने चिमटा रोवला आणि झरा वाहू लागला. सुशिक्षित मनुष्य अशी कथा ऐकतो तेव्हा त्याच्यापुढे सामान्यतः दोनच मार्ग असतात. तो हसून भूगर्भशास्त्राचे चार शब्द बोलतो, अथवा आपल्या पूर्वजांच्या श्रद्धेचा अभिमान वाटून कथेची तरफदारी करू लागतो. हे दोन्ही मार्ग आम्हांस सारखेच आळशीपणाचे वाटतात. पहिल्या मार्गाने जाणाऱ्याने कथा खोटी ठरवून विषय संपविला, दुसऱ्याने ती आपली म्हणून संपविला. ह्या कथेमुळे त्या पाण्यावर कोण आले आणि कोण आले नाही, हा प्रश्न दोघांनीही विचारलेला नसतो. आमच्या मते विहिरीच्या पावित्र्याविषयी विचारण्याजोगा नैतिक प्रश्न तोच आहे.

हा प्रश्न जालना जिल्ह्यातील घनसावंगीच्या मुलखात जितका जिव्हाळ्याचा होतो तितका तो सदा पाऊस पडणाऱ्या प्रदेशात होणे कठीण. दक्षिणेस गोदावरी वाहते खरी. पण नदीकाठ सोडून चार कोस वर आले की काळी जमीन, उघडे माळ आणि पावसाची लहर एवढ्यावर सारा प्रपंच चालतो. 1972 च्या दुष्काळाच्या आठवणी मराठवाड्याच्या घराघरात अद्याप निघतात, आणि 2012-13 साली जालना जिल्हा पुन्हा पाण्यावाचून कसा तडफडला हे तर कालपरवाचे आहे. अशा भूमीत विहिरीवर देवता नसती तरच नवल. विहिरीच्या कडेला शेंदूर फासलेले सात दगड असतात. त्या साती आसरा, पाण्याच्या देवी. बाळंतीण घराबाहेर पडली की पाण्याची पूजा करते, हळदीकुंकू वाहते. नव्या विहिरीस पाणी लागले की नारळ फुटतो. समर्थ रामदासांचे जन्मस्थान जांब हे ह्याच तालुक्यात. समर्थांचा जन्म 1608 चा. लग्नाच्या बोहल्यावरून पळून गेलेला हा मुलगा पुढे नाशिकजवळ टाकळीस नंदिनीच्या पाण्यात उभा राहून बारा वर्षे जप करीत राहिला, असे परंपरा सांगते. येथे पाण्यास महत्त्व आले ते त्यात उभे राहणाऱ्याच्या निश्चयाने. बाण मारून काढलेल्या पाण्याच्या कथेपेक्षा ही कथा निराळ्या जातीची आहे, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

ह्याच जिल्ह्यात, जालना शहराच्या लगत, बेथेल नावाची एक वस्ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभी राहिली. ती वसविणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री हे जन्माने ब्राह्मण. 1843 साली मुंबईत स्कॉटिश मिशनऱ्यांच्या सहवासात ते ख्रिस्ती झाले. पुढे निजामाच्या मुलखात येऊन त्यांनी जालन्यास आपले कार्यक्षेत्र केले, आणि हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर ही वस्ती वसविली. तिच्यात राहावयास आलेले बहुतेक लोक त्या काळी अस्पृश्य मानलेल्या महार व मांग जातींतील होते. शेषाद्री मोठे विलक्षण गृहस्थ असले पाहिजेत. 1873 साली न्यूयॉर्क येथे भरलेल्या ख्रिस्ती परिषदेत हे डोक्यास पागोटे घालून गेले व तेथील लोकांचे कौतुक मिळवून आले. 1891 साली समुद्रप्रवासातच त्यांचा अंत झाला.

बेथेल हा शब्द बायबलातील आहे. त्याचा अर्थ देवाचे घर. याकोब नावाचा कुलपुरुष रानात एक धोंडा उशाला घेऊन निजला, त्यास स्वप्नात स्वर्गापर्यंत गेलेली शिडी दिसली, आणि जागा झाल्यावर त्याने तोच धोंडा उभा करून त्यावर तेल ओतले. जालन्याच्या आसपासचा कोणताही शेतकरी ही कथा ऐकून मान डोलावील. तेल घातलेला धोंडा त्याच्या बांधावरही आहे. ज्या मिशनऱ्यांनी बांधावरच्या धोंड्यास मूर्तिपूजा म्हटले त्यांनी आपल्या वस्तीस मात्र तेल घातलेल्या धोंड्याचे नाव दिले, ह्यात थोडी गंमत आहे. ती आम्ही टोमणा म्हणून सांगत नाही. नवा धर्म जुन्या जमिनीवर उतरतो तेव्हा तो कितीही सोवळा असला तरी त्याचे पाय त्या जमिनीच्या मातीने भरतातच, एवढेच ह्यावरून दिसते.

आरंभीच्या ख्रिस्ती उपासनेत पाण्याचे स्थान काय होते हे पाहू गेले असता ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. प्रेषितांची शिकवण म्हणून ओळखले जाणारे एक अत्यंत जुने लहानसे पुस्तक 1873 मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथील एका हस्तलिखितात सापडले व 1883 मध्ये छापून निघाले. बहुतेक विद्वान ते इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीचे वा दुसऱ्याच्या आरंभीचे मानतात. त्यात बाप्तिस्मा कसा द्यावा हे सांगितले आहे. शक्यतो वाहत्या पाण्यात द्यावा; वाहते नसेल तर दुसऱ्या कोणत्याही पाण्यात; थंड नसेल तर ऊन पाण्यात; तेही पुरेसे नसेल तर मस्तकावर तीन वेळा पाणी ओतावे म्हणजे झाले. आमच्या धर्मशास्त्रकारांची सवय असलेल्या वाचकास ही भाषा ओळखीची वाटेल. मुख्य विधी सांगावा, मग त्याच्या अभावी गौण, त्याच्या अभावी आणखी गौण, आणि शेवटी माणसाची अडचण विधीपेक्षा मोठी मानावी, अशी ही पद्धत आहे. पुढे सुमारे इ. स. 200 च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतील कार्थेजचा टर्टुलियन ह्या विषयावर एक सबंध प्रबंध लिहितो आणि सांगतो की समुद्र काय, तळे काय, नदी काय, झरा काय, स्नान करणारास काही भेद नाही. यार्देनच्या पाण्यात न्हालेले आणि रोमच्या टायबर नदीत न्हालेले सारखेच. म्हणजे पाणी तेवढे पवित्र, पण कोणते एक पाणी अधिक पवित्र नाही.

ही भूमिका तर्कदृष्ट्या फार स्वच्छ आहे. परंतु माणसाचे मन स्वच्छ भूमिकेवर फार काळ राहत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात एका विहिरीची गोष्ट आहे. शोमरोनी जातीची एक स्त्री भर दुपारी पाणी भरावयास येते. कठड्याजवळ बसलेला येशू तिच्याकडे पाणी मागतो. आणि ती चकित होते, कारण यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवीत नसत. यहुद्याने शोमरोनी बाईच्या घागरीतले पाणी मागावे ह्यातील धक्का युरोपातील वाचकास टीपा वाचून कळतो. आमच्याकडे तो सांगावा लागत नाही. पुढे ती स्त्री पूजा ह्या डोंगरावर करावी की यरुशलेमात असा प्रश्न काढते, आणि तिला उत्तर मिळते की खऱ्या उपासनेस हा डोंगरही नको आणि यरुशलेमही नको. स्थानमाहात्म्याचा इतका स्पष्ट निषेध क्वचितच झाला असेल. तरी त्याच विहिरीवर चौथ्या शतकाच्या अखेरीस ख्रिस्ती मंदिर उभे राहिले. पडले, पुन्हा झाले. आणि पॅलेस्टाइनमध्ये नाब्लुस येथे ती विहीर आजही यात्रेकरू पाहतात. स्थान नको असे ज्या स्थानी सांगितले तेच स्थान तीर्थ झाले!

इंग्लंडातही हेच झाले. 601 साली पोप ग्रेगरी यांनी तिकडे गेलेल्या धर्मोपदेशकांस एक पत्र पाठविले. लोकांची जुनी देवळे पाडू नका. मूर्ती काढा, आत पवित्र जल शिंपडा, आणि त्याच जागी नवी उपासना सुरू करा, म्हणजे लोक सवयीच्या जागी आपण होऊन येतील, असा त्यातील आशय. हे शहाणपण की लबाडी, हा वाद तेव्हापासून चालू आहे. विहिरींच्या बाबतीत तर उपदेशकांस धड सोडताही येईना आणि धड धरताही येईना. अकराव्या शतकात कॅन्यूट राजाच्या कायद्यात झऱ्यांची व झाडांची पूजा करण्यास बंदी आहे. आणि इकडे वेल्स प्रांतात संत विनिफ्रेडच्या कुंडावर यात्रा भरतच आहे. त्या कुमारिकेचे मस्तक एका उन्मत्त सरदाराने छाटले, ते जेथे पडले तेथे झरा फुटला, आणि तिच्या मामाने मस्तक पुन्हा धडास जोडून तिला उठविले, ही कथा. नावे बदलली तर आमच्या कोणत्याही क्षेत्राच्या माहात्म्यात ती सहज खपेल. बंदी घालून झऱ्याची पूजा थांबली नाही. नाव मात्र बदलले.

ग्रेगरीच्या पत्रात आम्हांस दोष दिसतो तो फसवेगिरीचा नाही. जुन्या जागेवर जुनीच माणसे येत असतील, आणि कोणावर तलवार उगारली जात नसेल, तर देवतेचे नाव बदलण्यात फारसा अधर्म झाला असे आम्ही म्हणणार नाही; असे बदल आमच्या देशात बौद्ध लेण्यांपासून गावोगावच्या ग्रामदेवतांपर्यंत शेकडो झाले आहेत. पोर्तुगीज सत्तेने वसई प्रांतात आणि गोव्यात केले ते निराळे. तेथे देवळे पाडली गेली, आणि राज्यसत्तेचा धाक मागे उभा होता. वसई पोर्तुगिजांकडे 1534 पासून 1739 पर्यंत, चिमाजी आप्पांनी ती जिंकीपर्यंत राहिली. त्या काळाची एक आख्यायिका कोकणात आणि पुढे साऱ्या महाराष्ट्रात घरोघर माहीत झाली. आमच्या विषयाच्या दृष्टीने ती सर्व आख्यायिकांत महत्त्वाची आहे.

ती अशी: रात्री पाद्री लोक गावच्या विहिरीत पाव टाकून जात, काही ठिकाणी पावाऐवजी गोमांस सांगतात. सकाळी लोक नित्याप्रमाणे पाणी भरून नेत व पीत. मग पाद्री येऊन सांगे की तुम्ही आमच्या पावाचे पाणी प्यालात, तुम्ही बाटलात. शेजारचे गावही तेच म्हणे. अशा रीतीने गावेच्या गावे ख्रिस्ती झाली.

इतिहास म्हणून ह्या कथेचे वजन फार थोडे आहे. धर्मांतरे झाली ती सक्तीने, लोभाने, जमिनीच्या व मानाच्या व्यवहाराने आणि कित्येकदा श्रद्धेनेही झाली. ह्यांपैकी प्रत्येकाचे दाखले आहेत. पावाचा तुकडा हे त्या साऱ्या गुंतागुंतीचे अतिशय सोपे केलेले चित्र आहे. पण जी कथा इतिहास म्हणून खोटी ती साक्ष म्हणूनही निरुपयोगी, असे मात्र नाही. ही कथा आम्ही पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या हेतूने सांगत आलो? पाद्र्यांच्या कपटाची कथा म्हणून. पण ती जरा नीट ऐका. पाद्र्याने केले काय? पाण्यात पाव टाकला. पाण्यात पडलेल्या पावाने माणसाचा धर्म जातो, हा सिद्धांत पाद्र्याचा नव्हता. टर्टुलियनच्या संप्रदायात वाढलेल्या माणसास तो सुचणेही कठीण. त्याच्या धर्मात प्रवेशासाठी संकल्प लागतो, शब्द उच्चारावे लागतात. नकळत पाणी पिऊन कोणी ख्रिस्ती झाल्याचे त्याच्या शास्त्रात कोठेही नाही. हा सिद्धांत आमचा होता. कथेत पाद्र्याच्या हाती शस्त्र आहे ते आमच्याच घरातून नेलेले. रात्री पाव टाकणारा एक होता, आणि सकाळी आपल्या भावास दारातून परत लावणारे शंभर होते. कथा त्या एकाचे नाव घेते आणि शंभरांविषयी बोलत नाही.

ज्या समाजाने ही कथा रचली त्याने स्वतःवरील आरोपपत्र स्वतःच लिहून ठेवले, आणि ते दुसऱ्याविरुद्ध आहे अशा समजुतीने दोनअडीचशे वर्षे मोठ्याने वाचून दाखविले. ह्याहून अधिक विदारक आख्यायिका आमच्या वाचनात नाही.

हा सिद्धांत केवळ कथेतला नव्हता ह्याचे प्रमाण एकोणिसाव्या शतकात मिळते, आणि ते योगायोगाने बेथेलच्या संस्थापकाच्याच घरात मिळते. नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले त्याच 1843 साली त्यांचा अल्पवयी धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या घरी जाऊन राहिला होता. बापाने न्यायालयात दाद मागितली व मुलगा परत मिळविला. मुलाने बाप्तिस्मा घेतला नव्हता. पण मिशनऱ्यांच्या घरचे अन्नपाणी घेतले होते. एवढ्यावरून त्यास जातीत घ्यावे की नाही ह्याचा मुंबईत केवढा कल्लोळ झाला! दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर यांनी प्रायश्चित्त देऊन मुलास परत घ्यावे असा पक्ष धरला आणि त्यापायी सनातन मंडळींचा रोष पत्करला. न्यायालयाने एका दिवसात जो मुलगा बापास दिला तो समाजाने देण्यास इतकी घासाघीस केली. वसईच्या कथेतील विहीर मुंबईच्या भर वस्तीत उघडी होती असेच म्हणावे लागेल.

आता बेथेलकडे वळू. गावकुसाबाहेरच्या माणसास तेथे काय मिळाले? प्रार्थनामंदिर मिळाले, शाळा मिळाली, हे तर खरेच. पण ज्या गावातून तो आला तेथे त्याला विहिरीवर चढता येत नव्हते. कोणी दया येऊन वरून पाणी ओतले तर ते ओंजळीत घ्यावयाचे. आपल्या वस्तीचे, आपल्या हाताने काढावयाचे पाणी ही अशा माणसास कोणत्याही धर्मसिद्धांतापेक्षा आधी समजणारी गोष्ट आहे. ह्या वस्तीतील माणसे पाण्यासाठी व भाकरीसाठी ख्रिस्ती झाली असे कोणी हेटाळणीने म्हणतात. म्हणोत बापडे! ज्याने आपल्या शेजाऱ्यास पाणी नाकारले त्याला, तो शेजारी पाण्यासाठी का गेला हे विचारण्याचा अधिकार उरत नाही.

तथापि मिशनऱ्यांच्या पक्षास येथे पूर्ण यश देता येत नाही. निराळी वस्ती करून निराळे पाणी काढले म्हणजे जुन्या गावची विहीर जशीच्या तशी बंद राहिली. ती उघडण्याचे काम कोणीच केले नाही. शिवाय हिंदुस्थानातील ख्रिस्ती समाजात जातिभेद शिरला, कोठे कोठे प्रार्थनेच्या जागा आणि दफनभूमीही वेगळ्या झाल्या, हे त्या समाजातील विचारी माणसांनीच खेदाने नोंदविले आहे. पवित्र पाणी मस्तकावर पडले, पण विहिरीची आठवण धुतली गेली नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त ह्याची उलट बाजू फार हृद्य रीतीने आली आहे. रेव्हरंड टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याबरोबर राहू लागल्या तरी आपले सोवळे व आपले पाणी वेगळे राखीत. जात देवाने केली की माणसाने, ह्या विचाराशी त्या एकट्याच झगडल्या. आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय त्यांनी केला तो बाप्तिस्मा घेण्याच्या आधी. म्हणजे पाण्याचा प्रश्न सुटला तो धर्मांतराने नव्हे; तो आधी सुटला.

विहिरी उघडण्याचे काम ज्यांनी केले त्यांची नावे आपण जाणतो. जोतीराव फुल्यांनी 1868 साली पुण्यात आपल्या घरचा हौद सर्वांस खुला केला. 1923 मध्ये मुंबईच्या कायदेकौन्सिलात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा बोले यांचा ठराव झाला, 1924 मध्ये महाडच्या नगरपालिकेने त्यास मान तुकविली. आणि ठराव कागदावर राहिला तेव्हा 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर हजारो अनुयायांसह चवदार तळ्यावर गेले व त्यांनी ते पाणी ओंजळीने प्याले. त्यानंतर महाडच्या सवर्णांनी तळे ‘शुद्ध’ केले. शेण, गोमूत्र, दूध, दही आणि मंत्र. तळ्यातून घागरी भरभरून काढल्या व ही द्रव्ये आत ओतली. माणसाच्या ओंजळीने जे पाणी विटाळले ते जनावराच्या मूत्राने निर्मळ झाले. वसईच्या पावाची कथा आणि महाडच्या शेणाची हकीकत शेजारी शेजारी ठेवल्या तर पहिली रचणारांच्या मनाची सर्व कळ हाती लागते.

ह्या प्रकरणाचा शेवट न्यायालयात झाला, आणि तो तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने मुद्दाम अभ्यासण्यासारखा आहे. स्पृश्य वादींचे म्हणणे असे की अस्पृश्यांनी हे पाणी घ्यावयाचे नाही ही रूढी अनादी कालापासून आहे. 1937 साली मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला की अशी पुरातन रूढी सिद्ध झालेली नाही. आख्यायिका ‘फार पूर्वीपासून’ ह्या दोन शब्दांवर जगते. न्यायाधीशाने त्या दोन शब्दांचा पुरावा मागितला, आणि तो निघाला नाही. तरीही आम्हांस वाटते की ह्या निकालात एक उणीव राहिली. पुरावा निघता तर? रूढी हजार वर्षांची ठरती तर तळे बंद राहते काय? प्राचीनत्वाने अन्यायाचा न्याय होत नाही, हे म्हणण्यास 26 जानेवारी 1950 उजाडावा लागला. त्या दिवशी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमाने विहिरी, तळी व घाट ह्यांची नावे घेऊन ते सर्वांस मोकळे केले. घटनाकारांस इतक्या गंभीर ग्रंथात विहिरीचे नाव घालावे लागले, ह्यातच सर्व आले.

येथे एक आक्षेप निघेल, आणि तो हलका नाही. कायद्याने व तर्काने विहिरी उघडल्या असतील तर आख्यायिकांचे काय प्रयोजन? आणि आम्हांस रुचतील त्या कथा ठेवून न रुचतील त्या टाकणार असू, तर निवड करणारी आमची नीती आधीच तयार आहे; कथेने तिला काय शिकविले?

उत्तरादाखल पैठणच्या दोन कथा घेतो. घनसावंगीच्या मुलखास पैठण परके नाही. तीच गोदावरी पैठणावरून पुढे ह्या तालुक्याच्या कडेने जाते. एकनाथ (1533-1599) काशीहून गंगोदकाची कावड रामेश्वरास नेत असता वाटेत वाळवंटात एक गाढव तहानेने तडफडताना दिसले. नाथांनी ती कावड त्याच्या तोंडात रिकामी केली. दुसरी कथा अशी की प्रत्यक्ष श्रीकृष्ण श्रीखंड्या नावाने नाथांच्या घरी बारा वर्षे पाणी भरीत होता. तो रांजण पैठणास अद्याप दाखवितात व षष्ठीच्या सोहळ्यात भरतात. महानुभावांच्या गोविंदप्रभूंच्या चरित्रातही, पाण्यावाचून कष्टी झालेल्या अंत्यजांस प्रभूंनी पाण्याची जागा दाखवून विहीर करविल्याची लीळा आहे. ह्या कथांत आणि बाण मारून पाणी काढल्याच्या कथेत भेद आहे. बाणाची कथा पाण्याचा उगम सांगून थांबते. तिच्यापासून कोणास काही करावे लागत नाही; म्हणून तिला कोणीही आपल्या पहाऱ्यावर ठेवू शकतो. नाथांची कथा ऐकणाऱ्यास कावड दिसते, गाढव दिसते, आणि आपल्या हातातील घागर आठवते. गंगोदक पवित्र आहे हे ती नाकारीत नाही. नाकारले असते तर कथेत काही उरलेच नसते. कावड जितकी मोलाची तितके ती रिकामी करणे मोठे. टर्टुलियनने सर्व पाणी सारखे करून जो प्रश्न मिटविला तो नाथांनी पाणी असमान ठेवून सोडविला. तर्कशास्त्र्यास टर्टुलियनचे उत्तर आवडेल. आम्हांस नाथांचे अधिक कठीण, म्हणून अधिक खरे वाटते. आक्षेपकाच्या नीतीने त्यास पाणी द्यावे एवढे शिकविले असेल. जपून आणलेले पाणी द्यावे, रामेश्वर बुडवून द्यावे, आणि पुण्यवंतास न देता गाढवास द्यावे, हे त्यास त्या नीतीने शिकविले होते काय? आम्हांस तरी शिकविले नव्हते.

पण एवढ्याने आक्षेपकाचे सर्व देणे फिटत नाही हेही कबूल केले पाहिजे. तीनशे वर्षे महाराष्ट्राने कीर्तनात नाथांच्या गाढवाची कथा ऐकली, डोळे पुसले, आणि घरी जाताना वाटेवरच्या विहिरीकडे पाहिले नाही. ज्यांच्या चोखामेळ्याचे अभंग देवळात गाइले गेले त्यांच्या नातवंडांस त्या देवळाचे आड बंदच राहिले. 1972 च्या सुमारास बाबा आढाव यांनी ‘एक गाव एक पाणवठा’ ही चळवळ हाती घेऊन गावोगाव पाहणी केली तेव्हा राज्यघटनेस बावीस वर्षे झाली होती, आणि तरीही पाणवठे वेगळे होते. दुष्काळात विहिरी आटल्या, माणसे एकाच डबक्याभोवती गोळा झाली, तेव्हाही ओळी दोन लागल्या. कथा एकटी विहीर उघडीत नाही, आणि कायदाही एकटा उघडीत नाही. कोणी तरी भर उजेडात, सर्वांच्या देखत, घागर घेऊन जावे लागते. शोमरोनी बाईच्या कथेत येशूने प्रवचन नंतर केले. पाणी आधी मागितले.

विहिरीवरील आख्यायिका खरी की खोटी, ह्या वादात म्हणूनच आम्हांस फारसे स्वारस्य वाटत नाही. साती आसरा आहेत की नाहीत हे आम्हांस कोणी विचारले तर आम्ही त्या दगडांस शेंदूर कोण कोण लावते एवढेच पाहू. मराठवाड्यातील बऱ्याच गावी आसरांच्या पूजेस पुरोहित लागत नाही; ज्याची विहीर त्याची पूजा, आणि जिचे पोर आजारी तिचा नैवेद्य. ख्रिस्ती झालेल्या घरांतूनही म्हाताऱ्या बाया असे काही गुपचूप करीत असतील तर ग्रेगरी पोपास त्याचे नवल वाटले नसते.

आता मात्र विहीरच पालटत चालली आहे. कूपनलिकांनी खोलवरचे पाणी ओढल्यावर जुन्या विहिरी फेब्रुवारीतच तळ दाखवितात. टंचाईच्या वर्षी सरकारी टँकर येतो, कठड्याशी उभा राहतो आणि कोठून तरी दूरच्या धरणातून आणलेले पाणी त्या कोरड्या विहिरीत नळीने सोडतो. मग बायका व मुले दोर टाकून ते शेंदून काढतात. ज्या झऱ्याची कथा होती तो झरा आटला. पाणी बाणाने आले नाही, चिमट्याने आले नाही, ते डिझेलवर आले. कडेच्या सात दगडांवरचा शेंदूर मात्र ओला असतो, आणि टँकर रिकामा होईपर्यंत कठड्यावर कोण आधी चढले व कोण खाली थांबले, हे कोणासही उभे राहून मोजता येते.